नेट गेलें, म्हणजे कोठें गेलें ?

घरांतले दिवे एकाएकीं गेले, म्हणजे पूर्वींची वडील मंडळी प्रथम गॅलरींत जाऊन समोरच्या घराकडे पाहत. समोर उजेड दिसला तर दोष आपल्या फ्यूजचा, आणि समोरहि अंधार असला तर दोष बाहेरचा, असा निकाल एका दृष्टिक्षेपांत लागे. त्यासाठीं विजेचें शास्त्र शिकावें लागत नसे. घरांतील मुलें तें पाहून पाहूनच शिकत. आतां घरोघर टॅबलेट आले, आणि 'दिवे गेले' या वाक्याच्या जोडीला 'नेट गेलें' हें दुसरें वाक्य आलें. परंतु हें वाक्य कानीं पडल्यावर गॅलरींत जाणारें कोणी दिसत नाहीं. ज्याच्या हातांत त्या वेळीं टॅबलेट असेल, त्याच्याकडे मात्र सारे घर वळून पाहतें; आणि तो हात जर लहान मुलाचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा असला, तर चौकशी तेथेंच संपते.

वास्तविक 'नेट गेलें' या दोन शब्दांत निदान तीन निरनिराळे अर्थ दडलेले असतात. कल्याण-डोंबिवलीकडील वाचकांना ते आगगाडीच्या उदाहरणानें लवकर उमजतील. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंतचा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला, आणि पुढल्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, तो कल्याणपर्यंत आला. पुढें हळूहळू मुंबईस जाणेंयेणें हें या बाजूच्या माणसाचें नित्यकर्मच होऊन बसलें. कचेरींत पोंचावयास उशीर झाला, तर 'गाडी बंद' एवढेंच सांगून आपण थांबत नाहीं. घरून स्टेशनापर्यंत रिक्षाच मिळाली नाहीं, कीं दिव्यापाशीं सिग्नल बिघडला, कीं गाडी वेळेवर जाऊनहि पुढें मुंबईंत घोटाळा झाला, हें आपण पहिल्या दमांत सांगतों.

टॅबलेटाचाहि प्रवास असाच तीन टप्प्यांचा आहे. टॅबलेटापासून घरांतील राउटरापर्यंत पहिला टप्पा. तो बिनतारी असतो, आणि वायफाय हें नांव खरें पाहतां तेवढ्यापुरतेंच आहे. राउटरापासून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंत दुसरा टप्पा. तो तारेचा किंवा कांचेच्या तंतूचा. आणि तेथून पुढें जगभर पसरलेला तो तिसरा. टॅबलेटाच्या कोपऱ्यांत एकावर एक अशा ज्या लहान कमानी दिसतात, त्या केवळ पहिल्या टप्प्याची साक्ष देतात. रिक्षा झटकन् मिळाली, एवढ्यावरून गाड्या वेळेवर आहेत असें कोणी समजत नाहीं. तद्वतच कमानी पूर्ण दिसल्या, म्हणून इंटरनेट असेलच असें नाहीं.

याचा प्रत्यय ठाण्यास घोडबंदर रस्त्यावरील एका उंच इमारतींत राहणाऱ्या आमच्या एका आप्तांना आला. एका दुपारीं त्यांच्या टॅबलेटावर कमानी पूर्ण होत्या, पण एकहि पान उघडेना. टॅबलेट बंद करून पुन्हां सुरू केला, पासवर्ड नव्यानें घातला, तरी तेंच. शेवटीं त्यांनीं घरांतील एक मोबाइल त्याच वायफायला जोडून पाहिला. त्याचीहि गत तीच झाली, आणि तेवढ्यानें टॅबलेट निर्दोष ठरला. तपास केल्यावर कळलें कीं, घरांत वीज असली, तरी खालीं जिन्याजवळ कंपनीची जी पेटी बसविलेली होती, तिची वीज दुरुस्तीच्या कामासाठीं बंद केलेली होती. हा दुसऱ्या टप्प्याचा दोष झाला. याच्या उलटहि प्रकार घडतो. घराची वीज गेली कीं राउटर निपचित पडतो, पण टॅबलेट स्वतःच्या बॅटरीवर हातांत जिवंत असतो. मग मेलेला राउटर कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि जिवंत टॅबलेटावर बिघाडाचा आळ येतो.

कल्याणच्या एका स्नेह्यांच्या घरचें उदाहरण याहून मौजेचें आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलीच्या शाळेसाठीं त्यांनीं एक टॅबलेट घेतला होता. एके दिवशीं तो वायफायला नीट जोडला जाई, घरांतील इतर सर्व यंत्रें सुरळीत चालत, परंतु या टॅबलेटावर कोणतेंहि पान उघडूं जावें तों तें सुरक्षित नसल्याची सूचना येई. कारण सांपडलें तें त्याच्या पंचांगांत ! एका खेळांत पुढचा डाव मिळण्यासाठीं कांहीं तास थांबावें लागे; तें टाळण्याकरितां मुलीनें टॅबलेटाची तारीख चक्क दोन वर्षें पुढें नेऊन ठेवली होती. इंटरनेटवरील बहुतेक स्थळांजवळ आपल्या खरेपणाचा एक दाखला असतो, आणि त्या दाखल्यावर मुदत घातलेली असते. टॅबलेट ती मुदत स्वतःच्या तारखेशीं ताडून पाहतो. तारीखच पुढची असल्यामुळें त्याला सारे दाखले मुदत संपलेले दिसूं लागले. तारीख आपोआप घेण्याची सोय चालू केल्याबरोबर सर्व कांहीं पूर्ववत् झालें.

हीं दोन्ही उदाहरणें सोपीं होतीं, कारण त्यांत बिघाड सतत होता. जो बिघाड येतो आणि जातो, तो फार चकवितो. आणि त्यापायीं माणसाचा नाहक मनोभंग कसा होतो, हें आम्हीं आमच्या डोंबिवलीच्या घरींच पाहिलें.

आमच्या मातोश्री आतां ब्यायशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं पुष्कळ वर्षें शाळेंत गणित शिकविलें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरहि त्यांना बारीक टाइप वाचवत नाहीं. टॅबलेटावर अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, हें कळल्यापासून त्यांचें सुटलेलें वाचन पुन्हां सुरू झालें. त्यांची धाकटी बहीण इंदूरास असते. प्रवास दोघींनाहि झेपत नाहीं. म्हणून रात्रीं नऊ वाजतां दोघी आपापल्या टॅबलेटापुढें बसतात, आणि एक दिवस थोरलीनें व एक दिवस धाकटीनें असें एखादें पुस्तक अर्धा तास मोठ्यानें वाचतात. हा अर्धा तास म्हणजे मातोश्रींच्या दिवसाचा कळसच म्हणावयाचा.

गेल्या वर्षीं या वाचनांत विघ्न येऊं लागलें. ऐन वाचनाच्या भरांत मावशींचें चित्र थिजे, आवाज तुटे, आणि कांहीं मिनिटांनीं पुन्हां सारें ठीक होई. मुलें म्हणत, "आजी, तूं कांहीं तरी दाबलेंस !" कंपनीचा माणूस सकाळीं अकरा वाजतां आला, त्यानें सर्व तपासलें, आणि कोठेंच दोष नाहीं असें सांगितलें. जातां जातां तोहि सौजन्यानेंच म्हणाला, "आजींच्या हातून चुकून कांहीं दाबलं जात असेल." यांत कोणाच्याहि मनांत वाईट नव्हतें. परंतु त्या रात्रीं मातोश्रींनीं टॅबलेट पिशवींत घालून कपाटांत ठेवला, आणि साध्या फोनवर बहिणीला सांगितलें, "आतां राहूं दे बाई. मला हें जमत नाहीं."

आठ दिवस नऊच्या सुमारास त्यांची खोली अंधारी असे. जिनें शेकडो मुलांची गणिताची भीति घालविली, ती बाई हातभर कांचेला भिऊं लागली, हें आम्हांला पाहवेना. आम्हीं त्यांच्यापुढें एक कोरी वही ठेवली, आणि टॅबलेट केव्हां अडतो तेवढें त्यांनीं लिहून ठेवावें, अशी विनंति केली. दुरुस्तीची गोष्ट काढली नाहीं. गणिताच्या शिक्षिकेला कोरी वही मिळाल्यावर काय होणार, तेंच झालें. त्यांनीं पट्टीनें रकाने आंखले. तारीख, वेळ, खोली, आणि त्याच क्षणीं दिवाणखान्यांतील मोबाइल चालतो कीं नाहीं, असे चार रकाने त्यांनीं स्वतःच योजले. वाचन पुन्हां सुरू झालें, पण आतां तें निरीक्षणासाठीं होतें.

बारा दिवसांच्या नोंदींत अकरा वेळां खंड पडलेला निघाला. ते सगळे खंड पावणेनऊ ते साडेनऊ यांच्या दरम्यानचे, आणि सगळे त्यांच्या खोलींतलेच होते. त्याच वेळीं दिवाणखान्यांतला मोबाइल एकदांहि अडलेला नव्हता. अर्थात् कंपनीची तार सुटली. त्याच खोलींत दुपारीं चार वाजतां टॅबलेट बिनतक्रार चाले. अर्थात् टॅबलेट सुटला, आणि तो धरणारा हातहि सुटला. राहिला तो पहिला टप्पा, तोहि एका खोलींतला, आणि एका ठराविक वेळेचा. वही मिटून मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "नऊ वाजतां या भिंतीपलीकडे काय चालतें ?"

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर ! मुंबईहून उशिरां परतणाऱ्यांचीं ताटें सूनबाई त्याच वेळीं मायक्रोवेव्हमध्यें गरम करतात. आणि थोड्याच दिवसांपूर्वीं ओटा नवा केला, तेव्हां तो मायक्रोवेव्ह नेमका या भिंतीला लागून ठेवला गेला होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं परीक्षा झाली. टॅबलेटावर मावशींना बोलावून मायक्रोवेव्हमध्यें पेलाभर पाणी ठेवलें व दोन मिनिटें तो चालविला. मावशींचें चित्र थिजलें. मायक्रोवेव्ह थांबतांच त्या पुन्हां बोलूं लागल्या. तिसऱ्या वेळीं मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

याचें कारण असें. वायफायच्या जुन्या पट्ट्यांतील लहरी सेकंदास सुमारें २४० कोटी कंपनें घेतात, आणि मायक्रोवेव्हमधील लहरी सुमारें २४५ कोटी. दोघांची वाट जवळजवळ एकच. मायक्रोवेव्हची पेटी लहरींना आंत कोंडून ठेवते, तरी अत्यल्प अंश बाहेर येतोच. माणसाला त्यापासून भय नाहीं. परंतु दोन भिंती ओलांडून क्षीण होऊन आलेला वायफायचा संदेश त्या गोंगाटांत बुडून जातो. अशा आंखूड लहरी भिंतीपलीकडे पोंचतात, हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास दाखविलें होतें. पण पोंचतांना त्या दमतात, आणि लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा सळ्या घालून ओतलेली काँक्रीटची भिंत आडवी आली, म्हणजे अधिकच दमतात. शिवाय हा पट्टा वापरण्यास आपल्या देशांत २००५ सालापासून परवाना लागत नाहीं, त्यामुळें इमारतींतील प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर त्याच वाटेवर. तिच्यांत तेरा मार्गिका आंखलेल्या आहेत खऱ्या, पण एकमेकींस न घासणाऱ्या अशा एका वेळीं तीनच वापरतां येतात. रात्रीं नऊ वाजतां, म्हणजे सर्व मंडळी घरीं परतल्यावर, तेथें केवढी दाटी होत असेल, याची कल्पना लोकलनें जाणाऱ्यांस सांगावयास नको.

उपाय फारसा खर्चाचा नव्हता. दूरदर्शन संचाच्या मागें दडलेला राउटर मधल्या बोळांत उंच फळीवर बसविला, आणि टॅबलेट त्याच राउटराच्या दुसऱ्या पट्ट्याला जोडला. पुष्कळ राउटर दोन नांवें दाखवितात, व एकाच्या शेवटीं '५जी' असें असतें. मोबाइलच्या ५जीशीं त्याचा संबंध नाहीं. सेकंदास ५०० कोटींहून अधिक कंपनांचा तो पट्टा आहे. तेथें मायक्रोवेव्हचा उपद्रव नसतो व गर्दीहि कमी असते. मात्र त्या लहरी भिंतींत लवकर थकतात, म्हणून राउटर जवळ आणणें अवश्य होतें. बहिणींचें वाचन तेव्हांपासून अखंड चाललें आहे, आणि राउटराचा पासवर्ड लिहिलेली वही मातोश्रींच्या ताब्यांत आहे.

आमच्या वाचकांनीं 'नेट गेलें' हें ऐकल्यावर जुन्या लोकांप्रमाणें आधीं गॅलरींत जावें. म्हणजे घरांतील दुसरें एखादें यंत्र त्याच वायफायवर चालतें का, हें पाहावें. तेंहि चालत नसेल, तर राउटरचे दिवे पाहावे, आणि तो बंद करून मिनिटभरानें पुन्हां लावावा. दुसरें यंत्र चालत असेल, तर टॅबलेट राउटराजवळ नेऊन पाहावा. तेथें चालला तर दोष वाटेंतल्या भिंतींचा. तेथेंहि न चालला, तर त्याची तारीख तपासावी, आणि जतन केलेलें वायफायचें नांव पुसून, पासवर्ड घालून तें नव्यानें जोडावें. राउटराच्या पाठीमागील बारीक छिद्रांत टांचणी घालण्याची घाई मात्र करूं नये. त्यानें कंपनीनें भरून दिलेली सर्व माहिती पुसली जाते. बिघाड येऊन जाऊन असेल, तर वेळ व जागा लिहून ठेवावी. दिवसा येणाऱ्या कारागिराला रात्रींचा दोष त्या वहीवांचून दिसणार नाहीं. या सगळ्याला पाव तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. तेवढा पाव तास जाईपर्यंत घरांतील वृद्धांना आणि मुलांना "तूं काय केलेंस ?" असें कोणीं विचारूं नये.