पितळेचा श्वास, विजेचा ठेका

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून गंगेच्या काठाने दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट मागे पडतात आणि मुन्शी घाट लागतो. नागपूरच्या राज्याचे एक मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी हा घाट बांधविला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी येथील वास्तू विकत घेतली आणि लगतचा भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. पायऱ्यांच्या माथ्यावर उंच दगडी भिंत आणि समोर पसरलेले पाणी, अशा या जागी कोणताही आवाज एकदाच ऐकू येत नाही. दशाश्वमेधावरच्या सायंआरतीची घंटा ध्वनिक्षेपकातून निघते, भिंतीवर आदळते आणि किंचित उशिराने, किंचित मऊ होऊन पुन्हा कानी येते.

लग्नसराईच्या दिवसांत या आवाजात आणखी एक आवाज मिसळतो. घाटामागच्या गल्ल्यांपलीकडे, गोदौलियाच्या रस्त्यावरून वरात चाललेली असते. पुढे लाल डगले घातलेले ट्रम्पेटवाले आणि युफोनियमवाले, मागे ढोल, आणि सर्वांच्या शेवटी एक हातगाडी. गाडीवर कर्णे, जनरेटर, विजेवर चालणारी सुरपेटी आणि आठ रबरी चौकटींचा ऑक्टोपॅड. गाणाऱ्याच्या हातातील ध्वनिक्षेपक अशा यंत्राला जोडलेला असतो, की प्रत्येक शब्दाची शेपटी तीन-चार वेळा घुमत राहते. मुन्शी घाटाची भिंत जे काम फुकट करते, तेच काम हे यंत्र भाड्याने करते, असे म्हणावयास हरकत नाही.

पितळी वाद्ये, विजेचा ठेका आणि प्रतिध्वनी यांच्या या मेळाला रस्त्यावर कोणी वेगळे नाव दिलेले नाही. लोक त्याला ‘बँड’ म्हणतात आणि नाचू लागतात. परदेशात मात्र अशाच घटकांतून घडलेल्या संगीताला नावे आहेत आणि इतिहासही आहे. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९७० च्या सुमारास ‘डब’ नावाचा प्रकार आकारास आला. त्याच्या जनकांत किंग टबी या नावाने प्रसिद्ध झालेला एक तंत्रज्ञ अग्रभागी होता. त्याचा मूळ व्यवसाय विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचा. तयार गाण्यातील गायकाचा आवाज तो काढून टाकी, खर्जाचा स्वर आणि तालवाद्ये तेवढी ठेवी, आणि मधूनच एखादा शब्द किंवा पितळी वाद्याचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत सोडून देई. दुसरा प्रकार ‘हाऊस’. तो अमेरिकेतील शिकागो शहरात १९८० नंतरच्या दशकात वाढला. यंत्राने दिलेला चार मात्रांचा सरळ, न थांबणारा ठेका हा त्याचा कणा होय. या दोहोंच्या जोडीला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवाले उभे करून प्रत्यक्ष रंगमंचावर वाजविणारी पथके आज जगात अनेक आहेत. त्यांना सभागृहे मिळतात, तिकिटे लागतात. आपल्या वरातीतील बँडवाल्याला त्याच जातीचे काम चालता चालता, गर्दीत, वाहने चुकवीत करावे लागते.

मुन्शी घाटाचे नाव जसे नागपूरकडे बोट दाखविते, तसा या संगीताचा मागही महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. मुंबईत १९८२ साली चरणजीत सिंग या वादकाने एक ध्वनिमुद्रिका काढली. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारा आणि लग्नसमारंभांतही आपला वाद्यवृंद घेऊन जाणारा हा कलावंत. त्याने जपानी बनावटीची तीन यंत्रे जुळविली. एक ठेका देणारे, एक खर्जाचे स्वर काढणारे आणि एक स्वरांचे थर चढविणारे. त्यांवर त्याने भूपाळी, यमन यांसारखे दहा राग वाजविले. मुद्रिका फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथील जाणकार चकित झाले. कारण त्याच खर्जयंत्राच्या आवाजावर शिकागोत उभा राहिलेला ‘अॅसिड हाऊस’ हा प्रकार त्यानंतर काही वर्षांनी जन्मला होता. म्हणून तो मुंबईतच जन्मला, असा दावा काही उत्साही मंडळी करतात. तो टिकत नाही. शिकागोच्या वादकांनी ही मुद्रिका ऐकल्याचा पुरावा नाही. पण दोन दूरच्या शहरांत एकच यंत्र हाती आल्यावर माणसांना एकाच दिशेचे सुचावे, हे त्या दाव्यापेक्षा अधिक विलक्षण आहे. चरणजीत सिंग २०१५ मध्ये वारले. त्यापूर्वी, उतारवयात, त्यांना परदेशी रंगमंचावर हे राग वाजविण्याची संधी मिळाली.

त्याच मुंबईत, गिरणगावात आणि कोळीवाड्यांत, यंत्र आणि पितळ यांची सोयरीक अधिक मोकळेपणाने झाली. तिला ‘बेंजो पार्टी’ म्हणतात. येथील बेंजो म्हणजे पाश्चात्त्यांचे त्या नावाचे वाद्य नव्हे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे तंतुवाद्य, म्हणजेच बुलबुलतरंग, मुळात जपानी. तेथे १९१२ मध्ये ते ‘ताइशोगोतो’ या नावाने निर्माण झाले. मुंबईकरांनी त्याला वीज जोडली, आवाज कर्कश आणि धारदार केला, आणि ताशा, ढोल, ऑक्टोपॅड यांच्या पुढे त्याला उभे केले. काही पथकांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही येतात. गणपतीच्या मिरवणुकीत असे पथक रंगात आले, की रस्त्याच्या कडेला उभा असलेला गंभीर माणूसही एका पायाने ताल धरतो. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ या हिंदी चित्रपटातून हे जग पडद्यावर आणले.

हा संसार सुखाचा मात्र नसतो. पितळेला हवामान कळते, यंत्राला कळत नाही. थंडीच्या रात्री ट्रम्पेटच्या नळीतील हवा गार असते, म्हणून स्वर उतरतो. वाजवून वाजवून ती तापली, की तो चढतो. विजेच्या सुरपेटीचा षड्ज मात्र जागचा हलत नाही. जुना बँडवाला आपला मेळ आपसांत जुळवून घेई. सगळेच थोडे उतरले तर कोणाला कळत नसे. आता यंत्र साक्षीला उभे असते. तेव्हा ट्रम्पेटवाला वाजविण्याआधी नळीत नुसता श्वास सोडून ती ऊबदार करतो आणि सुरेची सरकती नळी तसूभर आत-बाहेर करून पेटीशी जमवून घेतो. सुरांच्या बाबतीत नमते घेतो तो माणूसच.

लयीच्या बाबतीत उलटे घडते. वरात ही ठरावीक वेगाने चालणारी गोष्ट नाही. घोडा अडतो, समोरून बस येते, नवरदेवाचे मामा ऐन चौकात नाचू लागतात. यंत्राला ठेका लावून दिला, तर ते मामांची पर्वा करीत नाही. म्हणून चांगल्या पथकात आपोआप चालणारा ठेका क्वचितच लावतात. ऑक्टोपॅडवर काठ्या घेतलेला मुलगाच उभा असतो. त्याचे डोळे मुख्य वादकाच्या उंचावलेल्या हातावर असतात. हात वर आहे तोवर तीच ओळ पुन्हा. हात खाली आला, की पुढचे कडवे. ‘प्रत्यक्ष वादन’ या शब्दांचा खरा अर्थ येथे उलगडतो. यंत्र वापरणे सोपे आहे. समोरच्या माणसाकडे पाहून ते वापरणे ही विद्या आहे.

आणि ही विद्याच आज पणाला लागलेली आहे. ब्रिटिश पलटणींच्या बँडपथकांतून पितळी वाद्ये आपल्या गावोगावी पोहोचली. मेरठच्या जली कोठी भागात १८८५ मध्ये सुरू झालेली नादिर अली कंपनी पुढे ती बनवू लागली. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडपथकांनी विसर्जन मिरवणुकीत मानाचे स्थान मिळविले. पण वीस वादकांची बिदागी देण्याऐवजी आवाजाच्या भिंती उभ्या करून एक डीजे बोलाविणे यजमानाला स्वस्त आणि सोपे वाटू लागले आहे. डीजेही कलावंत असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. तरी त्या भिंतीमागे एकोणीस घरांच्या चुली नसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. ती योग्यच आहे. पण तिचा बडगा जेव्हा उगारला जातो, तेव्हा बाराशे वॅटचा कर्णा आणि ओठांनी वाजविलेला ट्रम्पेट यांत नेहमीच भेद केला जातो असे नाही. शिवाय बँडवाला वरातीच्या पुढे चालतो, पण मांडवाच्या आत त्याचे पान क्वचितच मांडले जाते. पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्रीचे काम करणाऱ्यांना हे नवे नाही.

त्यामुळे बँडवाल्यांच्या घरातील मुलगा हल्ली आधी ऑक्टोपॅडकडे वळतो. तो लवकर येतो आणि लवकर पैसेही देतो. ट्रम्पेटला वेळ लागतो. पहिले कित्येक दिवस तर वाद्य हातीच देत नाहीत. नुसते मुखवाद्य ओठांवर धरून एकच लांब स्वर काढावयाचा, तो थरथरला की थांबावयाचे, श्वास घ्यावयाचा आणि पुन्हा काढावयाचा. शेजारी कंटाळतात, घरचे रागावतात. वस्ताद मात्र दाराशी बसून ऐकत असतात, आणि स्वर जरा सरळ निघाला, की मान न हलविता सांगतात, “पुन्हा.”