एक अंक, एकोणीस खोल्या

मागे एकदा मी आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाची पायरी चढलो. शिकायला नव्हे, खिळे जुळवून दाखवायला. पुस्तकांच्या आणि छपाईच्या इतिहासावर तिथे दोन दिवसांची परिषद होती. गावोगावचे, परदेशातलेही प्राध्यापक आले होते. पूर्वीची छपाई कशी चाले हे पाहुण्यांना दाखवायला त्यांना एक जुना कंपोझिटर हवा होता. आमच्या वस्तीतली एक मुलगी तिथे पीएच.डी. करते. ती घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच चला." म्हणून गेलो.

मी १९६८ पासून तेवीस वर्षे लालबागच्या एका छापखान्यात खिळे जुळवले. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने केसच्या खान्यांतून एकेक खिळा उचलायचा. अक्षराचा खिळा वेगळा, जोडाक्षराचा वेगळा. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, म्हणून उलटे वाचायची डोळ्यांना सवय लावावी लागे. छापून झाले की तेच खिळे धुवायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे. पुढे संगणक आला. मालकाने सगळा टाइप शिशाच्या भावाने विकला आणि मी एका इमारतीचा वॉचमन झालो.

परिषदेत व्हरांड्यात माझे टेबल मांडले होते. पाहुणे आपली नावे सांगत, मी जुळवून, छापून देई. हात अजून विसरले नव्हते. दुपारी त्या मुलीने मला सभागृहात नेऊन मागच्या रांगेत बसवले.

एक बाई मराठी छपाईच्या आरंभाबद्दल सांगत होत्या. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. पण शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापील पोथीला हात लावायला कचरत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली! सगळे हसले. मला हसू आले नाही. ज्यांना शाईचासुद्धा विटाळ होत होता, त्यांना आमच्या आजा-पणजाचा किती होत असेल! आणि त्याच छपाईच्या जोरावर १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले, हे मला त्या क्षणी आठवले.

मग एका तरुण प्राध्यापकाने फळ्यावर गोल काढला. रॉबर्ट डार्नटन नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९८२ साली हा विचार मांडला, असे तो म्हणाला. लिहिणारा, प्रकाशक, छापणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि वाचणारा अशा सगळ्यांच्या हातून पुस्तक फिरते आणि पुन्हा लिहिणाऱ्यापर्यंत पोचते. या सर्वांचा इतिहास मिळून पुस्तकाचा इतिहास होतो. छापणारा त्या गोलात आहे हे बघून मला बरे वाटले. तेवीस वर्षांत मला कोणी त्यात धरले नव्हते.

पण पुढे तो म्हणाला, "वाचणाऱ्याचा माग काढणे सर्वांत अवघड. त्यातून गिरणी कामगार, दलित वस्त्या यांनी काय वाचले, याचा पुरावा फारसा हाती लागत नाही. साक्षरता कमी, खपही कमी."

मी कधी उभा राहिलो ते मलाच कळले नाही. पाय कापत होते. म्हणालो, "साहेब, माझा बाप गिरणीत त्रासन खात्यात होता. त्याला अक्षर येत नव्हते, पगाराला अंगठा लावायचा. पण तो आधी 'जनता' आणि १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' विकत घ्यायचा."

मग जे आठवले ते सांगितले. आमच्या चाळीत सात नंबरच्या खोलीत एक मास्तर राहत. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी गॅलरीतल्या दिव्याखाली ते अंक वाचून दाखवत. पुरुष खाली बसत. बाया दारात बसून तांदूळ निवडत ऐकत. एखादे वाक्य कळले नाही की कोणीतरी म्हणे, "मास्तर, पुन्हा." मास्तर पुन्हा वाचत. वाचून झाले की अंक खोलीखोलीतून फिरे. कोणी नेला ते विसरू नये म्हणून मास्तर कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने खोलीचा नंबर लिहीत. माझ्याकडच्या एका अंकावर एकोणीस नंबर आहेत. खपाच्या हिशेबात तो अंक एकच धरला जाणार.

एकदा मास्तर तापाने पडले तेव्हा बाप मला म्हणाला, "तू वाच." मी नऊ वर्षांचा होतो. अडखळत वाचले. बापाने डोळे पुसलेले मी पाहिले. पुढे छापखान्यात गेलो तो त्याच ओढीने.

सभागृह शांत झाले. अध्यक्षीण बाईंनी विचारले, "काका, असे किती अंक आहेत तुमच्याकडे?"

माझी मान खाली गेली. "चार," म्हणालो.

ट्रंकभर होते. १९९३ साली चाळीतली खोली सोडून अंबरनाथला आलो. बाप गेला होता, जागा अपुरी होती, कागदांना कसर लागली होती. मी रद्दीवाल्याला बोलावले. सतरा रुपये आले. अक्षरांवर ज्याने पोट भरले त्यानेच बापाची अक्षरे वजनावर विकली. आईने लुगड्याच्या घडीत ठेवलेले चार अंक तेवढे वाचले.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. हे अंक १९९० साली महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले म्हणून आज आपल्याला वाचता येतात. कोणीतरी ते रद्दीत घातले नव्हते म्हणूनच ते छापता आले. शासनाच्या ग्रंथात बाबासाहेबांचा शब्द आहे. पण सात, बारा, एकतीस हे पेन्सिलीचे नंबर कोणत्याच ग्रंथात नाहीत. ते आपल्याच घरात आहेत.

त्या मुलीने घरी येऊन चारही अंकांचे फोटो काढले. मूळ अंक मी अजून कोणाला दिलेले नाहीत. नात दहावीला आहे. पुढे काय करायचे ते तिच्याशी बोलून ठरवीन.

बंधू-भगिनींनो, आता चाळी पडत आहेत, टॉवर उठत आहेत. सामान हलवताना जुनी ट्रंक आधी उघडून बघा. जयंतीची हँडबिले, सभेच्या पावत्या, गायन पार्टीच्या गाण्यांची वही, कडेला काही लिहिलेले अंक, काहीही असेल. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ओल नसेल अशा जागी ठेवा. कोणाचे, कुठले, कधीचे ते वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद सोबत ठेवा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांना आजच विचारा की तुमच्या चाळीत अंक कोण वाचून दाखवायचे.

मी आईला हे कधी विचारले नाही. दारात बसून ती तांदूळ निवडत होती एवढेच मला आठवते. त्यातले तिने मनात काय साठवले ते आता सांगायला कोणी नाही.

जयभीम.