मला काय कळतंय!

मोठ्या गाण्याबद्दल आमच्यासारख्यांनी दोनच गोष्टी बोलाव्यात असा एक अलिखित नियम आहे. घरी असाल तर 'मला काय कळतंय!' आणि कॉलेजात असाल तर 'अप्रतिम!' पहिली म्हटली की सुटका होते, दुसरी म्हटली की प्रवेश मिळतो. आमच्या घराण्यात (घराणं म्हणजे किराणा किंवा जयपूर नव्हे, माण तालुक्यातल्या मेंढपाळांचं) पहिली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कॉलेजची पायरी चढणारी मी घरातली पहिलीच. तेव्हा या दोन्ही गोष्टी क्षणभर बाजूला ठेवून, थोर म्हणून गाजलेल्या चार तबकड्यांविषयी मला खरोखर काय वाटलं ते इथं मांडते आहे. जाणकारांनी रागावू नये. रागावलेच, तर निदान तबकडी पुन्हा एकदा ऐकून मग रागवावं.

आमच्या विभागात एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या तबकड्यांचं एक कपाट आहे आणि त्या वाजवायला एक जुनं यंत्र. दर शुक्रवारी दुपारी श्रवणाचा तास असतो. तीन तबकड्या मी तिथं ऐकल्या, चौथी मोबाइलवर.

पहिला मान 'गीतरामायणा'चा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गीत गेलं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, असं पुढच्या रामनवमीपर्यंत चाललं. मध्ये अधिक महिना आल्यामुळं बावन्न गीतांची छप्पन झाली. फडक्यांच्या गाण्यातलं अक्षर न्‌ अक्षर कानात स्वच्छ उतरतं, हा गुण मी सगळ्यांत वर ठेवते. माझ्या आईला ही गीतं समजावून सांगावी लागत नाहीत. पण माझी दोन गाऱ्हाणी आहेत. एक म्हणजे ही गीतं आठवड्याला एक या हिशेबानं जन्मली. त्यांच्यामध्ये सात दिवसांचा विसावा होता. तबकड्यांवर ती एकापाठोपाठ एक येतात, आणि दहाव्या गीताला माझं लक्ष उडतं. रेडिओवर निरनिराळे गायक होते, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. आमच्या कपाटातल्या संचात सारी पात्रं एकट्या फडक्यांच्या गळ्यातून बोलतात.

दुसरं गाऱ्हाणं जिव्हारीचं आहे. शबरी काय, नावाडी काय, सगळे रामाइतकंच नीटनेटकं बोलतात. गदिमा आमच्याच माणदेशातले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' त्याच १९५५ सालात पुस्तकरूपानं आली, आणि तिच्यातले धनगर धनगरांसारखेच बोलतात. एकाच घरातून एकाच वर्षी मराठीच्या दोन वाटा निघाल्या. मला धाकट्याची वाट जवळची वाटते. वर्गात तोंड उघडण्याआधी ज्यांना वाक्य मनात एकदा धुऊन घ्यावं लागतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी तबकडी 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. या तबकडीमागं एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी होते, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. कल्पना अशी, की काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगायचा. पहाटेला अहिर भैरव, पुढं नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी.

मेंढपाळाचा दिवस म्हटल्यावर आम्ही कान टवकारणारच! पहाट खरी आहे, हे मी शपथेवर सांगेन. संतूरचे एकेक थेंब पडतात ना, तो वाघरीची जाळी उघडायच्या आधीचा गारवा आहे. अंगावर घोंगडं आहे आणि अजून एकही मेंढरू ओरडलेलं नाही. पण पुढं दिवस चढतच नाही. पिलूत ऊन लागत नाही, पाण्यासाठी पायपीट नाही, कुणाच्या वावरात मेंढरं शिरली म्हणून भांडण नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा ही तबकडी मी मोबाइलवर आबांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकली आणि मग विचारलं, "ग्वाड हाय गं पोरी. पर दिसभर ह्यो पावा वाजवत बसलाय, तर मेंढरं कोण बघतंय?"

ही थट्टा नव्हती. आबांच्या प्रश्नात माझं सगळं मत आलं. तबकडी सुंदर आहे, शेवटचा पहाडी तर मी झोपताना रोज ऐकते. पण ती मेंढपाळाचा दिवस नव्हे. डोंगरावरचा मेंढपाळ लांबून पाहताना एखाद्याला जे वाटेल, ते तिच्यात आहे. तेही खरंच आहे, पण ते पाहणाऱ्याचं आहे.

तिसरी तबकडी परमुलखातली. जगातल्या सर्वश्रेष्ठ तबकड्यांची कुठलीही यादी काढा, माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' तिच्यात असतेच. १९५९ साली मार्च आणि एप्रिलमधल्या दोनच बैठकांत न्यूयॉर्कला ती ध्वनिमुद्रित झाली. मोबाइलवर ऐकली ती हीच. जॅझ म्हणजे काय ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि एस.टी.त खिडकीशी बसून मी ती ऐकली. 'सो व्हॉट' हा पहिला तुकडा सुरू झाला आणि मी सरसावून बसले. जाड तारांचं ते भलंमोठं वाद्य एक वाक्य बोलतं आणि बाकीचे दोन सुरांत त्याला 'हो' भरतात. अहो, ही तर झील! आमच्याकडं ढोलावर ओवी म्हणताना पुढचा म्हणतो आणि मागचे झील धरतात, अगदी तसं. थोड्याशाच स्वरांत फिरत राहायचं आणि घाई करायची नाही, हेही ओळखीचं वाटलं.

मात्र तिसऱ्या तुकड्यापासून मला पेंग येऊ लागली. ते इतकं हळू आहे, की ऐकायला बंद दाराची खोली हवी. अशी खोली आमच्या घरात नाही आणि वसतिगृहात तर नाहीच. एक गंमत मात्र सांगते. मार्चच्या बैठकीत ध्वनिमुद्रणाचं एक यंत्र किंचित सावकाश चालत होतं. त्यामुळं तबकडीची पहिली बाजू जगभर जरा चढ्या सुरात वाजत राहिली, आणि नव्या आवृत्तीत ती दुरुस्त व्हायला तीसहून अधिक वर्षं लागली. तेवढ्या वर्षांत तिचं थोरपण रतिभर कमी झालं नव्हतं. थोर गोष्ट दोष असूनही थोर राहू शकते. मग एखादा दोष आपल्या कानाला जाणवला तर तो बोलून दाखवायला आपण इतकं का घाबरावं?

चौथी तबकडी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची. ही मी सर्वांत वर ठेवते, पण तिच्याविषयी जे ऐकायला मिळतं त्या कारणांसाठी नाही. तासाला आमच्यात 'शून्य', 'अनाहत' अशा शब्दांची देवाणघेवाण झाली. मला ऐकू आला तो श्वास मोजून वापरणारा माणूस. कुमारांना क्षयानं गाठलं होतं. १९४८ साली ते माळव्यात देवासला गेले आणि पाचेक वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. माझ्या चुलत्यांना हाच आजार झाला होता. दम पुरत नसला की माणूस शब्द कसा आधी जवळ घेतो, मग एकदम टाकतो, आणि मध्ये थांबतो तेव्हा घरातली सगळी कशी थांबतात, हे मी लहानपणी पाहिलं आहे. कुमारांच्या त्या तुटक, धारदार फेकीत मला तेच ऐकू येतं. कमी पडलेल्या श्वासातून त्यांनी एक नवी गायकी उभी केली. म्हणून ही तबकडी मला एका दिवसात दोनदा ऐकवत नाही. हेही एक मतच आहे.

अंथरुणाला खिळलेले कुमार त्या काळात काय ऐकत होते? माळव्यातली लोकगीतं. दारावरून जाणाऱ्यांची, घराघरांतल्या बायाबापड्यांची. त्या धुनांतून त्यांनी पुढं राग घडवले आणि त्यांना 'धुनउगम' म्हटलं. एवढा मोठा गवई ज्या बायकांकडून शिकला, त्यांना कुणी गाण्याविषयी विचारलं असतं, तर त्याही बहुधा हेच म्हणाल्या असत्या, की आम्हाला काय कळतंय!

म्हणून पहिल्या वर्षाच्या मित्रमैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. 'अप्रतिम' म्हणायला हरकत नाही, पण पाठोपाठ 'कारण' हा शब्द यायला हवा. आणि ते कारण आपल्या कानाचं, आपल्या घरचं असावं. उसन्या कारणांवर मिळवलेला प्रवेश आपल्याला दारातच उभं करतो.

माझ्या आईला ओव्या येतात. किती, ते आम्ही कधी मोजलं नाही. लग्नाची हळद दळताना जात्यावर बसली, की तास-दोन तास एकही ओवी पुन्हा येत नाही. त्या मोबाइलवर मुद्रित करून पुढच्या सत्रात एका शुक्रवारी ऐकवाव्यात, असं मी विभागात सुचवलं आहे आणि त्याला होकारही मिळाला आहे. अडलंय ते आईपाशी. फोनवर हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "माझं काय ऐकवतीस? मला काय कळतंय त्यातलं!" हे तिच्याशी भांडायचं काम मी दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवलं आहे.