दारावरची चिठ्ठी आणि काकूंची वही

मंडळी, जावावाल्या माणसाला 'एक्सएमएल की ॲनोटेशन?' असं विचारा, तो लगेच एक बाजू पकडतो. मीही पकडली होती, आणि एका रात्री सपशेल तोंडावर आपटलो. आज शनिवार आहे, निवांत आहे, तर ती गोष्ट सांगतो.

आधी थोडं डिपेन्डन्सी इंजेक्शनबद्दल. एखाद्या क्लासला मेसेज पाठवायचा असेल, तर पाठवणारा ऑब्जेक्ट त्याने स्वतः 'न्यू' करून बनवायचा नाही. तो बाहेरून कुणीतरी आणून द्यायचा. पुण्यात एकट्या राहणाऱ्या पोरासारखंच: स्वयंपाक करायचा नाही, डबा येतो. प्रश्न एवढाच, की कुणाला कुठला डबा हे लिहायचं कुठे? एक्सएमएल म्हणजे मेसच्या काकूंची वही, सगळ्या नोंदी एका जागी. ॲनोटेशन म्हणजे ज्याने त्याने आपल्या दारावर लावलेली चिठ्ठी: 'मला डबा हवा.'

2004 मध्ये स्प्रिंग 1.0 आलं तेव्हा वहीचाच जमाना होता. आमची वही दीडेक हजार ओळींची. क्लासच्या नावात एक अक्षर चुकलं तरी कंपायलर गप्प, बोंब व्हायची ती सर्व्हर सुरू करताना! मार्च 2007 मध्ये गूगलचं 'ज्यूस' एक्सएमएलला फाटा देऊनच आलं. नोव्हेंबरात स्प्रिंग 2.5 मध्ये 'ऑटोवायर्ड' आणि 'कंपोनंट' मिळाले. मला तर दिवाळी परत आल्यासारखं वाटलं :)

2008 मध्ये एका वीकेंडला बसून मी अख्खी वही मोडीत काढली. आमचे एक सिनिअर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते एवढंच म्हणाले, "टाकायच्या आधी एकदा नीट वाच रे." मी कसला वाचतोय!

मेसेज पाठवणारे क्लास दोन होते. एक खरा एसएमएस पाठवायचा, दुसरा नुसता लॉगमध्ये लिहायचा. टेस्ट सर्व्हरच्या एक्सएमएलमध्ये दुसऱ्याची नोंद होती. मी दोघांनाही 'कंपोनंट' करून टाकलं. खरं तर एका जागेसाठी दोन उमेदवार दिसले की स्प्रिंग तक्रार करतं. पण त्याआधी ते फील्डचं नाव बघतं. त्या नावाचं बीन सापडलं, की मुकाट्याने तेच घेतं. माझ्या फील्डचं नाव नेमकं खऱ्या एसएमएसवाल्या बीनचं होतं. आणि टेस्टचा डेटाबेस म्हणजे प्रॉडक्शनची नक्कल, खऱ्या लोकांच्या खऱ्या नंबरांसकट.

रात्री टेस्ट चालल्या. 'आपला हप्ता थकला आहे' असे मेसेज गेले. सकाळी एका आजोबांचा फोन आला. आवाज थरथरत होता. "मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही हो, मग हे काय?" मला काय बोलावं सुचेना.

तेव्हा डोक्यात शिरलं, की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला मेसेज पाठवणारा कुणीतरी लागतो' ही त्या क्लासची स्वतःची गरज. ती क्लासमध्येच, चिठ्ठीवर लिहावी. 'कुठल्या सर्व्हरवर कोण पाठवणार' हा अख्ख्या सिस्टिमचा निर्णय. तो एका जागी, कुणालाही वाचता येईल असा हवा. मी कचरा समजून काढलेल्या ओळींत असे निर्णय होते.

वही एक्सएमएलचीच हवी असं मात्र नाही. डिसेंबर 2009 मध्ये स्प्रिंग 3.0 ने ती जावातच लिहायची सोय दिली, म्हणजे नावं कंपायलर तपासतो. 2011 मधल्या 3.1 ने प्रोफाइल्स दिली, टेस्टला एक आणि प्रॉडक्शनला दुसरं. स्प्रिंग बूटवर वाढलेल्या आजच्या पोरांनी तर एक्सएमएल क्वचितच पाहिलेलं असतं. त्यांचा कोड तपासताना माझा एक प्रश्न ठरलेला: "टेस्टवर इथे कोण येणार, आणि ते कुठे लिहिलंय?" पोरं वैतागतात. वैतागू देत.

असो. काका त्या दिवशी रागावले नाहीत. त्यांनी जुनी फाइल उघडली आणि ती ओळ दाखवली. वर कुणीतरी कॉमेंट लिहून ठेवली होती: 'इथे खरा एसएमएस लावू नये.'