गावाची एक खोली

जून लागला की आमच्या गावाहून, चकलांब्याहून, फोन सुरू होतात. कुणाचं पोरगं बारावी झालेलं असतं, कुणाला चाकणच्या कंपनीत काम लागलेलं असतं, कुणाला सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. पाऊसपाणी, कापसाची लागवड, घरच्यांची तब्येत असं सगळं बोलून झालं की शेवटी मूळ गोष्ट निघते : "दादा, पुण्यात एखादी खोली भेटन का? कसली बी चालन." बीडच्या गेवराई तालुक्यातून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या बहुतेकांना असे फोन येतात. आमच्याकडचा माणूस शहरात घर शोधतो ते असं, ओळखीच्या माणसाचा हात धरून.

हे फोन घेता घेता एक गोष्ट मला पक्की कळली आहे. शहरात गरिबाची वाट अडते ती डिपॉझिटपाशी. भाडं तिघाचौघांत वाटून घेता येतं, पोटाला चिमटा काढून भरता येतं. डिपॉझिट मात्र कमाई सुरू व्हायच्या आधीच एकरकमी मोजावं लागतं. त्यावर एजंटाला एक महिन्याचं भाडं. एवढं हातात असल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

मागच्या पावसाळ्यात गावाकडच्या एका मुलासाठी आंबेगावात खोली बघायला गेलो होतो. मुलगा आणि त्याचे वडील सोबत होते. लोखंडी जिन्यावरून वर गेलं की दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा, संडास मजल्यावर सगळ्यांत एक. मालकीणबाईंनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग मटण शिजवणार का ते. आकडा शेवटी आला : भाडं सहा हजार, डिपॉझिट वीस. वडिलांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, खिडकीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला आणि म्हणाले, "पक्की हाय." वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जाऊन कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारा माणूस तो. मुलाला चार पक्क्या भिंती मिळतायत, एवढंच त्यांना बघायचं होतं.

बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी नोटा काढल्या. मुकादमाकडून त्यांनी उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, जास्तीची घेतली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. दसरा-दिवाळीला ही जोडी गाव सोडते आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडते. म्हणजे त्या दहा बाय बाराचं डिपॉझिट आई-बाप पुढच्या हंगामात फडात उभं राहून फेडणार होते. तेवढे दिवस ती रक्कम मालकाकडे बिनव्याजी राहणार, आणि खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातून किती कापलं जाईल याचा भरवसा नाही.

शहरात असं अडणारे आम्हीच पहिले नाही. कोकणातला माणूस गिरणीत कामाला मुंबईला गेला तेव्हा त्यालाही घर नव्हतंच. पण त्याच्या गावाने त्याची सोय केली. गिरणगावात एकेका गावाच्या लोकांनी मिळून खोल्या धरल्या. एका पाळीचा गडी उठला की दुसऱ्या पाळीचा तिथेच झोपायचा, जेवण खानावळीत, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. गोव्याच्या लोकांनी धोबी तलावाच्या परिसरात गावोगावचे कूड उभे केले. बोटीवर कामाला जाणारा खलाशी आपल्या गावाच्या कुडात उतरायचा आणि नाममात्र पैशांत राहायचा. नव्याने आलेल्या पोराला पहिल्या रात्री कुठे टेकायचं हा प्रश्न पडत नसे.

मराठवाड्याची वाट वेगळी पडली. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. मुंबईच्या गिरण्यांशी आमची ती नाळ जुळली नाही. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या बाहेर पडली ती पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडाकडे. हंगाम संपला की कोपी मोडायची आणि गावी परतायचं. त्यामुळे शहरात आमच्या गावाची म्हणून जागा कधी तयारच झाली नाही. आज आमची मुलं पुण्यात येतात ती एकेकटी, आणि बाजार त्यांना एकेकटं गाठतो.

खेड्यातल्या मुलाला शिकायचं असेल तर आधी त्याच्या राहण्याचं बघावं लागतं, हे या महाराष्ट्राला फार पूर्वी उमगलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली, आणि ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची सोय तिथे आजही होते. अशा जागा जितक्या, त्याच्या कितीतरी पट मुलं दारात उभी आहेत. सरकारची स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. त्यातले निवासाचे वीस हजार, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत. शिवाय आधी खोली घ्यायची आणि पैसे मागाहून यायचे. डिपॉझिटचा डोंगर तिथेच राहतो.

कायद्याने इथे काही करता येतं. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. महाराष्ट्राने ही मर्यादा काटेकोरपणे अमलात आणली तर आमच्यासारख्यांचं बरंच ओझं उतरेल. एक आधार मात्र आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून आहे आणि मुलांना तो ठाऊक नसतो. अकरा महिन्यांचा करार असला तरी तो लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. ही नोंदणी करणं मालकाचं काम आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. खोली घेणाऱ्या प्रत्येक मुलाने एवढं लक्षात ठेवावं आणि दिलेल्या पैशाची पावती मागावी. रोख दिलं तर नक्कीच मागावी.

कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. चकलांब्याची आणि आसपासच्या गावांची बरीच माणसं आता पुण्यात पाय रोवून आहेत. कुणी शिक्षक आहेत, कुणी पोलीस, कुणी कंपनीत कायम झालेले, कुणाचे स्वतःचे फ्लॅट आहेत. गावात हरिनाम सप्ताह असला की हीच माणसं पंगतीची वर्गणी देतात आणि हिशोब चोख ठेवतात. तशीच एक वर्गणी पुण्यातल्या दोन खोल्यांसाठी काढता येईल. डिपॉझिट गावाचं, करार नोंदणी केलेला, भाडं राहणाऱ्यांनी वाटून भरायचं, आणि नवीन मुलाला दोन-तीन महिने टेकू द्यायचा, तोवर तो कमाईला लागेल किंवा वसतिगृहात जाईल. जात-भावकी न विचारता, गावचा आहे एवढ्यावर जागा द्यायची. मुलींसाठी वेगळी खोली पहिल्या वर्षापासूनच हवी. जागा नाही म्हणून आधी थांबवली जाते ती मुलगीच.

आपल्यापैकी प्रत्येक जण कुणाच्या तरी खोलीत कोपऱ्यात पथारी टाकूनच या शहरात उभा राहिला आहे. ते ऋण फेडायची ही वेळ आहे. पुढच्या जूनच्या आत एकत्र बसू या, आणि पहिली खोली घेऊ या.