नाण्याएवढी फट

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या स्वयंपाकघरात डब्यांचा प्रश्न उभा राहतो. रिकामे डबे ठेवायचे कुठे? त्याचं उत्तर मी थंडीतच शोधतो. पुण्यात लाकडाचं काम काढायला कार्तिक ते माघ यांच्यासारखे दिवस नाहीत. हवा कोरडी असते, चपडीचं पॉलिश पावसाळ्यात पांढुरकं पडतं तसं पडत नाही, आणि गॅलरीत दोन-दोन तास रंधा मारला तरी जीव दमत नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर नवं लाकूड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाडे पाडणाऱ्यांकडे सागवानी दारं आणि फळ्या मिळतात. बिजागऱ्या आणि कड्या बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. फळी घरी आणली की आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं. ऑइलपेंटखाली मोडलेला एखादा खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. मग रंध्याचे दोन हात मारले की रंगाखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येतं, आणि सागाचा तो तेलकट वास अख्ख्या गॅलरीत भरतो. या लाकडाला जे वाकायचं, पिळायचं असतं ते बहुतेक आधीच होऊन गेलेलं असतं.

ओट्याखालच्या कपाटाचं पहिलं दार मी डिसेंबरात केलं होतं. चौकटीत असं घट्ट बसवलं की कागदही आत जाऊ नये. जुलैत ते उघडेना. मी रंधा काढला आणि कड तासून टाकली. पुढच्या जानेवारीत त्याच जागी बोट जाईल एवढी फट पडली आणि झुरळांना वाट मिळाली.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. दार बघून ते म्हणाले, "लाकूड आत्ता उपाशी आहे. पावसाळ्यात जेवतं. त्याच्या पोटाला जागा ठेवलीस का?"

मी त्यांच्याकडून पुढचे तीन हिवाळे शिकलो. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, फुगते ती रुंदीत. म्हणून थंडीत दार बसवताना कडेला रुपयाच्या नाण्याएवढी फट सोडायची. रुंद फळी मागच्या पट्टीला जोडताना मधला स्क्रू पक्का, कडेच्या स्क्रूंची भोकं मात्र आडवी, लांबट. फळी सरकली तरी चिरत नाही. सागात स्क्रू पिळण्याआधी बारीक भोक पाडायचं आणि आट्यांना साबण चोळायचा. काका पेन्सिल कानावर अडकवून नाणं चारही बाजूंनी फिरवायचे. एका जागी अडलं तरी दार खाली उतरवायचे. प्लायला ही काळजी फारशी नाही, त्याचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. पण त्याच्या कडा उघड्या ठेवल्या तर ओल तिथूनच शिरते.

जवसाचं तेल लावलं असेल तर ते पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बोळ्याची आतली ऊब वाढत जाऊन ते आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

गेल्या थंडीत डब्यांसाठी फ्रिजशेजारच्या अडीच फूट जागेत दाराची मांडणी केली. लाकूड, स्क्रू, बिजागऱ्या, पॉलिश धरून दोन हजारांच्या आत काम झालं, आणि चार शनिवार-रविवार गेले. जानेवारीत दाराच्या कडेतून नाणं सहज आत जात होतं. श्रावणात, भर पावसात, तेच नाणं लावून बघितलं. गेलं नाही. दार मात्र एका बोटाने उघडलं.