काळ्या रेघा

आमच्या घरात एक लहानसं खोटं बरीच वर्षं चालू होतं. "तुम्ही मूळचे कुठले?" असं कोणी विचारलं की मी "नागपूरचे" म्हणून मोकळा व्हायचो. सौंसर म्हटलं की पांढुर्णा सांगा, मग छिंदवाडा, मग मध्य प्रदेश आणि शेवटी "मग तुम्ही मराठी कसे?" याचं उत्तर द्या! मुलंही तेच शिकली.

गेल्या जुलैत आम्ही डेट्रॉइटहून मॅकिनॉ पूल ओलांडून म्युनिसिंगला गेलो. लेक सुपीरियरच्या काठचं हे छोटं गाव. 'पिक्चर्ड रॉक्स' बघायला इथूनच बोट निघते. १९६६ साली हा किनारा अमेरिकेतला पहिला 'नॅशनल लेकशोअर' ठरला. इथे वालुकाश्माचे कडे सुमारे २४ किलोमीटरपर्यंत पसरलेत. काही ठिकाणी ते ६० मीटर उंच आहेत.

बोट कड्याजवळ गेली आणि सगळे गप्प झाले. लाल, केशरी, हिरवट, तपकिरी ओघळ वरपासून पार पाण्यापर्यंत आलेले. "बाबा, हे कोणी रंगवलं?" धाकटीने विचारलं.

बोटीवरच्या माणसाने सांगितलं, की जमिनीत मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं आणि कड्यावरून ओघळतं. पाणी सुकतं, त्यातली खनिजं मागे राहतात. लाल-केशरी रंग लोखंडाचा, निळा-हिरवा तांब्याचा.

"आणि काळा?"

"मँगनीज."

मला एकदम आमचे आबाजी आठवले. सौंसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी उमेद घालवली. संध्याकाळी ओसरीवर बसून ते हात घासून घासून धुवायचे, तरी तळहातावरच्या रेघा काळ्याच राहायच्या. त्याच हातांनी संत्रं सोलून फोडी आमच्या हातावर ठेवायचे. मुलांनी आबाजींना फक्त फोटोत पाहिलंय. फोटोत हात दिसत नाहीत. परतीच्या वाटेवर, गार वाऱ्यात, मी त्यांना हे सगळं पहिल्यांदा सांगितलं.

रात्री हॉटेलात मोठा फोन घेऊन बसला. फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये आपल्या भागातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तिथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं, हे त्याने शोधून काढलं. पिक्चर्ड रॉक्सचे खडक सुमारे ५० कोटी वर्षांचे. आपले त्याहूनही जुने. मग तो एकदम ओरडला, "बाबा, नागपूर, भंडारा, बालाघाटच्या या खडकांना 'सौंसर समूह' म्हणतात! म्हणजे सौंसर नागपूरजवळ नाही, नागपूरच सौंसरचं आहे!"

आम्ही खूप हसलो. आईला लगेच फोन लावला. सौंसरला तेव्हा सकाळ होती. नातवाने तिला तिच्याच गावाची माहिती ऐकवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या आबाजींना हे सांगायला हवं होतं रे."

तुम्ही जाणार असाल तर दुपारनंतरची बोट घ्या. कडे वायव्येला तोंड करून आहेत, तेव्हा उतरत्या उन्हात रंग खुलतात. जुलैतही जाकीट हवंच. बोट जमली नाही, तर 'मायनर्स कॅसल'पर्यंत गाडी जाते. त्याच्या दोन बुरुजांपैकी एक २००६ मध्ये कोसळला, म्हणून कठड्याच्या आतच राहा.

२०२३ पासून आमचं सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात आलंय. म्हणजे सांगायला आणखी एक गोष्ट वाढली. पण आता ती मुलंच सांगतात.